जास्त थंड म्हणजे जास्त सुबक बर्फ नव्हे

मा. संपादक,

आपल्या विज्ञान पुरवणीत बर्फावर आलेला लेख आवडीने वाचला. त्यातले एक वाक्य मात्र मनाला लागून राहिले : ‘थंडी जितकी कडक, तितका बर्फाचा स्फटिक सुबक.’ धातूच्या पृष्ठभागावर बर्फाचे पातळ थर वाढवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. तिथे रोज दिसायचे ते याच्या उलट.

निर्वात कक्षात प्लॅटिनमचा तुकडा उणे १७३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्यावर पाण्याची वाफ सोडली, की रेणू जिथे आदळतो तिथेच चिकटतो. स्फटिक व्हायचा तर त्याला थोडे सरकावे लागते, वळावे लागते, शेजारच्या चौघांशी नेमक्या कोनात हायड्रोजन बंध जुळवावे लागतात. इतक्या थंडीत ती ऊर्जाच त्याच्याकडे नसते. मग जो थर साचतो त्यात प्रत्येक रेणूला साधारण चार शेजारी मिळतात खरे, पण चार पावले पुढे गेले की रचना हरवते. हाच अस्फटिकी बर्फ. बर्टन आणि ऑलिव्हर यांनी थंड तांब्यावर वाफ गोठवून क्ष-किरणांनी तो दाखवला १९३५ साली, म्हणजे ही गोष्ट काही नवी नाही.

वाफ कोणत्या दिशेने येते यानेही फार फरक पडतो. सरळ वरून आली तर थर भरीव होतो. तिरकी आली तर आधी बसलेल्या रेणूंच्या आडोशाला जागा रिकाम्या राहतात आणि बर्फ स्पंजासारखा सच्छिद्र होतो, इतका की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग दोन हजार चौरस मीटरच्याही पुढे जाऊ शकतो.

आता हा थर सावकाश तापवू या. अस्फटिकी बर्फातले रेणू सैल बसलेले, त्यामुळे ते स्फटिकापेक्षा लवकर उडून जातात. तापमान वाढते तशी वाफही वाढत जाते आणि उणे १२० अंशांच्या आसपास, तापमान चढत असतानाच, वाफेचा आलेख अचानक खाली येतो. थोड्या वेळाने तो पुन्हा चढू लागतो. मधला तो खड्डा म्हणजे स्फटिकीभवन : ठिकठिकाणी स्फटिकाची बीजे रुजतात, वाढतात, एकमेकांना भिडतात. पहिल्यांदा तो खड्डा कागदावर उमटताना पाहिला, तेव्हा बर्फाची रचना बदलताना प्रत्यक्ष पाहिल्यासारखे वाटले होते. नंतर थर पुन्हा कितीही थंड करा, तो पूर्ववत अस्फटिकी होत नाही.

याच क्षणी थराला भेगा पडतात. त्याखाली कार्बन टेट्राक्लोराईडसारखा पदार्थ कोंडून ठेवला असेल तर तो वायुरूपात एकदम उसळून बाहेर पडतो. स्मिथ, के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे नोंदवले आणि त्याला ‘रेणवीय ज्वालामुखी’ असे नाव पडले. धूमकेतू सूर्याजवळ येताना त्यातून वायू का फसफसतात, याचा विचार करणाऱ्यांना अस्फटिकी बर्फाचे हे वागणे म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

धातूचेही स्वतःचे म्हणणे असते. प्लॅटिनमला चिकटलेला पाण्याचा पहिला, एका रेणूइतका जाड थर धातूशी इतका गुंतलेला असतो, की वरच्या पाण्याशी बंध जोडायला त्याच्याकडे मोकळे हात उरत नाहीत. पाण्याचाच थर पाण्याला दूर ठेवतो! म्हणून पातळ थर स्फटिकी झाला की तो सपाट न राहता बेटांसारखा गोळा होतो आणि मधूनमधून तो पहिला थर उघडा पडतो.

लेख विद्यार्थीही वाचतात आणि छापलेले वाक्य तसेच पाठ करतात. म्हणून विनंती, की पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती द्यावी : स्फटिकाला थंडीइतकीच रेणूंची हालचालही लागते, फार थंड पृष्ठभागावर साचलेल्या वाफेचा बर्फ अस्फटिकी होतो.

आपली नियमित वाचक