गंजावर लांबी फासणे ही दुरुस्ती नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा संपला की कळवा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या खाडीकाठच्या पट्ट्यात रस्त्याकडेच्या गॅरेजांसमोर जुन्या व्हॅन दिसू लागतात. चार महिन्यांत दारांच्या खालच्या कडा फुगलेल्या असतात, चाकांवरच्या कमानींचा रंग पोपडे होऊन सुटलेला असतो, आणि ज्यांच्या गाडीची नोंदणी संपत आलेली आहे त्यांना पासिंगची, म्हणजे नूतनीकरणाआधीच्या तपासणीची, घाई असते. या घाईत गंज न काढता त्यावर लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुटी, फासून रंग मारण्याचे जे काम सर्रास केले जाते आणि ज्याला आपण दुरुस्ती म्हणतो, त्याविषयी हे पत्र आहे. मी बत्तीस वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काम केले. पत्र्यावर रंग का टिकतो आणि का सुटतो, हाच माझ्या नोकरीचा विषय होता.

आमची व्हॅन २००४ सालची मारुती ओम्नी आहे. पत्नीचा जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय याच गाडीवर उभा राहिला. या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, आणि सरकते दार व सपाट फरशी असलेली, एवढ्या कमी खर्चात चालणारी दुसरी गाडी आम्हाला मिळाली नाही. म्हणून ती टिकवणे आमच्यासाठी हौस नव्हे, गरज होती. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०१९ मध्ये ती वेळ आली तेव्हा मी नोकरीत होतो, सवड नव्हती, म्हणून गाडी एका गॅरेजमध्ये दिली. तीन दिवसांत ती नव्यासारखी चकचकीत होऊन परत आली, खालून काळे अंडरकोटिंगही (गाडीच्या पोटाला मारायचा जाड संरक्षक थर) मारलेले होते, आणि नूतनीकरण झाले. पुढच्याच पावसाळ्यात सरकत्या दाराच्या आतल्या फूटबोर्डवर पत्नीने डब्यांचा क्रेट ठेवला आणि तो पत्रा क्रेटसह खाली गेला. त्या जागी तिचा पाय असता तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

मी ती जागा उकरून पाहिली. वर रंग, त्याखाली अंगठ्याएवढ्या जाडीची लांबी, आणि त्याखाली भोकांत कोंबलेले कापडाचे बोळे होते. कडेला जुन्या कुजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा ठेवून वेल्डिंगचे चार टाके मारलेले होते. काळ्या अंडरकोटिंगचा थर ओढताच मोठ्या सालीसारखा निघून आला आणि त्याच्या आतल्या बाजूला ओला, भुसभुशीत गंज चिकटलेला होता. गंज काढलेलाच नव्हता, तो फक्त झाकलेला होता, आणि झाकल्यामुळे त्याला वर्षभर ओलावा धरून ठेवण्याची सोय झाली होती.

यात दोष गाडीचा आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडची हवाच पत्र्याला कठीण आहे. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि ते गाडीच्या पोटाखाली, सांध्यांत, चाकांच्या कमानींत बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते, म्हणजे पाऊस पडत नसतानाही पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस त्या मर्यादेच्या वरच असते. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओलावा धरते, म्हणून हिवाळ्यातही गंजाचे काम पूर्ण थांबत नाही. त्यात कमानींच्या आत साचलेला चिखल ओल्या पोटिसासारखा पत्र्याला चिकटून राहतो. दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढवून वेल्ड केलेले असतात त्या फटीत पाणी शिरते आणि वाळत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून तो आतून सांधा उलगडतो आणि बाहेरून आपल्याला रंगाचा एक लहानसा फोड दिसतो. रुपयाएवढा फोड दिसला तर आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

२०२१ च्या दिवाळीनंतर मी निवृत्त झालो आणि गाडीचा गंज काढून पत्रा दुरुस्त करण्याचे काम आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करायला घेतले. समितीची लेखी परवानगी घेतली, रविवारी सकाळी दहा ते एक एवढीच वेळ ठरवून घेतली, खाली ताडपत्री अंथरली. शेजाऱ्यांनी सुरुवातीला कुरकुर केली ती आवाजाबद्दल, आणि ती रास्त होती. ग्राइंडर मी दर वेळी अर्ध्या तासाहून जास्त चालवला नाही. घासलेल्या रंगाची आणि गंजाची धूळ मी झाडून पिशवीत भरत असे, गटारात जाऊ देत नसे, कारण नवी मुंबईतील पावसाळी गटारांचे पाणी धारण तलावांमार्गे खाडीतच जाते.

पहिला संपूर्ण रविवार फक्त उघडून पाहण्यात गेला, आणि घरी हे काम करू इच्छिणाऱ्यांनी त्या दिवसाची घाई करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सीट काढाव्यात, मॅटिंग आणि त्याखालचा फोम काढावा, कारण पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी तिथे महिनोन्महिने राहते. दारांच्या तळाशी आणि दारांखालच्या पेटीसारख्या बंद पट्टीत पाणी जाण्यासाठी लहान भोके ठेवलेली असतात. आमच्या गाडीत ती सगळी चिखलाने किंवा आधीच्या रंगाने बुजलेली होती. ती मोकळी केली नाहीत तर पुढचे सगळे काम वाया जाते. मग गोड्या पाण्याने खालचा भाग दोन-तीनदा धुऊन मीठ काढावे, दोन दिवस उन्हात वाळू द्यावे आणि त्यानंतर लहान हातोडीने आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक संशयित जागा ठोकून पाहावी. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. लांबीखाली पत्रा आहे की नाही हे लोहचुंबकाने कळते. जिथे चुंबक धरत नाही तिथे जाड लांबी आहे असे समजावे. जुनी व्हॅन विकत घेणाऱ्यांनी खिशात एक चुंबक ठेवावा.

जिथे गंज वरवरचा आहे तिथे तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासावा. खड्ड्यांत उरलेल्या बारीक गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण चालते, ते गंजाचे लोहफॉस्फेटमध्ये रूपांतर करते. पण हे द्रावण सुट्या पापुद्र्यांवर ओतून काहीही साधत नाही, आणि ते डब्यावर सांगितल्याप्रमाणे पुसून वाळवले नाही तर वरचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, धरत नाही. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये. आपल्या हवेत तो सकाळपर्यंत तांबूस होतो, म्हणून जेवढे घासले तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. मी एपॉक्सी प्रायमर वापरला. रेड ऑक्साइड हा तांबडा प्रायमर स्वस्त आहे आणि त्याच्यावर रंग चढणार असेल तर ठीक आहे, पण अनेक जण गाडी नुसत्या रेड ऑक्साइडवर पावसाळा काढतात. तो थर सच्छिद्र असतो आणि पाणी आत सोडतो. लांबी भरायचीच असेल तर ती या प्रायमरवर, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि तिला कोरड्या पेपरनेच घासावे. वॉटर पेपरने घासण्याची आपल्याकडे पद्धत आहे, परंतु लांबी पाणी पिते आणि तेच पाणी पुढे रंगाखाली फोड आणते.

भोक पडले असेल तर त्यावर दुसरा पत्रा चढवू नये. निरोगी पत्रा लागेपर्यंत कुजलेला भाग कापून काढावा आणि त्याच मापाचा नवा तुकडा बसवावा. हार्डवेअरच्या दुकानात २२ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा मागितला तर या कामाला साजेसा मिळतो. वेल्डिंग मी स्वतः केले नाही. एवढ्या पातळ पत्र्यावर साध्या आर्क वेल्डिंगने भोके पडतात. सीओटू वेल्डिंगने (यात कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात बारीक तार वितळवतात), थांबून थांबून, दूर-दूर टाके मारत जावे लागते, नाहीतर उष्णतेने पत्रा लहरतो. रबाळ्याच्या एका वेल्डरदादांना घरी बोलावले, तुकडे मी कापून तयार ठेवले होते. बॅटरीचे कनेक्शन काढले, फोम आणि मॅटिंग गाडीबाहेर ठेवले, पेट्रोलच्या टाकीजवळचे काम टाकी उतरवून दूर नेल्याशिवाय करू दिले नाही आणि पाण्याची बादली व अग्निशामक जवळ ठेवला. ज्यांच्या गाडीला सीएनजी किंवा एलपीजीची टाकी आहे त्यांनी हे काम पार्किंगमध्ये करूच नये. त्या टाकीचा ब्रॅकेट ज्या फरशीला बोल्टने आवळलेला असतो ती फरशी मात्र दरवर्षी पाहावी.

रंगाच्या बाबतीतही एक मर्यादा मी स्वतःला घालून घेतली. हार्डनर मिसळून मारायच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगांत आयसोसायनेट नावाची घातक रसायने असतात, फवाऱ्यातून ते फुफ्फुसांत गेले तर कायमचा दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क त्यांना अडवत नाही. वस्तीत, जिथे मुले खेळतात तिथे, हा फवारा मारणे मला योग्य वाटत नाही. पोटाखाली आणि आतून मी ब्रशने इनॅमल लावले, सांधे सीलंटने बंद केले, बंद पट्ट्यांच्या आत मेण सोडले. बाहेरचा रंग बूथ, म्हणजे फवाऱ्यासाठीची बंदिस्त खोली, असलेल्या ठिकाणी करून घेतला. तो पूर्वीचाच ठेवला, कारण रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. काही जण गाडीच्या पोटाला इंजिनातून काढलेले जळके ऑइल फासतात. त्याने रबरी बुश फुगून खराब होतात आणि पहिल्या पावसात ते सगळे रस्त्यावर उतरते. कृपा करून हे करू नये.

या कामाला चार पावसाळे झाले आहेत. फूटबोर्ड, दोन्ही दारे आणि डाव्या बाजूची पट्टी जशीच्या तशी आहे. उजव्या मागच्या कमानीत मात्र दुसऱ्याच वर्षी गंज परतला, कारण तिथला जुना सांधा न उघडता मी त्यावर सीलंट लावला होता. मागच्या वर्षी तो भाग पुन्हा कापला. २०२४ चे नूतनीकरणही झाले.

काही गाड्या वाचवू नयेत, हेही मला स्पष्टपणे सांगायचे आहे. गंज सीट बेल्टच्या बोल्टपर्यंत, सस्पेन्शन जिथे टेकते त्या जागेपर्यंत किंवा फरशीखालच्या मेंबरपर्यंत, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या तुळईपर्यंत, पोहोचला असेल तर ते घरचे काम राहत नाही. अनुभवी डेंटरने (गाडीच्या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने) गाडी जॅकवर घेऊन, पोट उघडून सांगितले की दोन्ही बाजूंचे मेंबर गेले आहेत, तर ती गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी आणि तेथून प्रमाणपत्र घ्यावे. अशा गाडीवर रंगाचा खर्च करून ती दुसऱ्या कुटुंबाला विकणे हा अपराध आहे, असे माझे मत आहे. त्या गाड्या बहुतेकदा भाजीवाल्यांकडे, मंडपवाल्यांकडे आणि शाळेची मुले नेणाऱ्यांकडे जातात.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पासिंगच्या वेळी गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी दिवे, हॉर्न आणि ब्रेक यांच्याबरोबर फरशी, फूटबोर्ड आणि दारांखालची पट्टी चुंबकाने आणि लहान हातोडीने तपासावी. ताजे काळे अंडरकोटिंग दिसले तर ते एका जागी खरवडून पाहावे. याला गाडीमागे पाच मिनिटे पुरतील. दुसरी विनंती गाडीमालकांना आहे. गॅरेजमध्ये गाडी देताना ‘प्रायमर मारण्याआधी मला बोलवा, उघडा पत्रा बघायचा आहे’ एवढी अट घालावी, जाणे शक्य नसेल तर त्या अवस्थेचे फोटो मागवावेत आणि कोणता पत्रा कापला, कोणता नवा टाकला, हे बिलावर लिहून घ्यावे. चांगले काम करणारे डेंटर आपल्या भागात आहेत, ते आनंदाने दाखवतात. माझ्या वेल्डरदादांनी तर प्रत्येक टाका मारून झाल्यावर मला खाली वाकून बघायला लावले होते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तंत्रज्ञ,
ऐरोली, नवी मुंबई