बियाणे विधेयक : सीलबंद पिशवीची जबाबदारी कोणाची?

प्रति,
मा. श्री. शिवराजसिंह चौहान,
केंद्रीय कृषी व शेतकरी कल्याण मंत्री, नवी दिल्ली

विषय : प्रस्तावित बियाणे विधेयकातील विक्रेत्याच्या दायित्वाबाबत

माननीय महोदय,
सादर नमस्कार.

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली २२ वर्षे कृषी सेवा केंद्र चालवतो. घरची ९ एकर कोरडवाहू जमीन आहे आणि तिच्यात सोयाबीन व तूर हीच पिके आहेत, त्यामुळे न उगवलेल्या बियाण्याचे दुःख मला गल्ल्यावर बसून जसे कळते तसेच बांधावर उभे राहूनही कळते. आपल्या मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये बियाणे विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हापासून आम्हा विक्रेत्यांमध्ये जी चिंता आहे ती आपल्यापर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नवा कायदा हवा, याबद्दल माझे दुमत नाही. १९६६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. एका बॅगेच्या किमतीहूनही कमी असलेल्या या रकमेला बोगस बियाणे भरणारा कोणता माणूस भिईल? शिवाय तो कायदा मुख्यतः अधिसूचित, म्हणजे सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या, वाणांपुरता आहे. मसुद्यात वाणांची नोंदणी सक्तीची केली आहे, पिशवीवर क्यूआर कोड आणला आहे आणि शेतकऱ्याचा स्वतःचे बियाणे राखण्याचा, देवाणघेवाणीचा व ब्रँडविना विकण्याचा हक्क कायम ठेवला आहे, हे सर्व योग्यच आहे. माझे म्हणणे ३० लाख रुपयांपर्यंतचा दंड आणि ३ वर्षांपर्यंतचा कारावास या तरतुदींविषयी आहे, आणि तेही त्या कोणासाठी असाव्यात एवढ्याच मुद्द्यावर आहे.

आपण मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री होता, त्यामुळे सोयाबीनचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. त्याचे टरफल पातळ असते. मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती उंचावरून आपटली किंवा थप्पी फार उंच लावली, तर दाणा वरून धड दिसतो आणि आतला अंकुर दुखावलेला असतो. काढणीच्या वेळी पाऊस लागला तर उगवणशक्ती आणखी घसरते. म्हणून सोयाबीनसाठी किमान उगवणशक्तीचे प्रमाण ७० टक्के ठेवले आहे, हरभऱ्याला ते ८५ टक्के आहे. यात पेरणीची भर पडते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरले, बी खोल पडले, किंवा पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन काळ्या जमिनीवर पापडी धरली, तर उत्तम बियाणेही वर येत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात शेंगांना झाडावरच कोंब फुटले, घरचे बियाणे अनेकांच्या हातचे गेले, आणि अशा वर्षानंतर विकतच्या बियाण्यावरचा भार वाढतो.

२०२० च्या खरिपात हे आम्ही भोगले आहे. राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गुन्हे दाखल होऊ लागले आणि त्याच जुलैत विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला. माझ्या दुकानातून एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत तयार झालेल्या, बॅगा शेजारशेजारच्या दोन गावांत गेल्या होत्या. एका गावात रान हिरवे झाले, दुसऱ्या गावात ओळीच्या ओळी रिकाम्या राहिल्या. पंचनामा झाला तेव्हा पेरणीला तीन आठवडे उलटले होते आणि मातीत तपासण्यासारखे काही उरले नव्हते. ज्यांची दुबार पेरणी झाली ते माझ्या दारात आले, आणि त्यांनी यावे हे स्वाभाविकच होते, कारण त्यांना माहीत असलेला चेहरा माझाच आहे. मी मात्र ती पिशवी ज्या सीलसह आली त्याच सीलसह दिली होती. आतले बी पाहायचे तर सील तोडावे लागते, आणि सील तुटलेली पिशवी विकणे हाच गुन्हा आहे.

कीटकनाशकांच्या बाबतीत हा प्रश्न संसदेने फार पूर्वी सोडवला आहे. कीटकनाशक कायदा, १९६८ च्या कलम ३० नुसार विक्रेत्याने माल परवानाधारक उत्पादकाकडून किंवा वितरकाकडून घेतला, त्यातील दोष त्याला वाजवी काळजी घेऊनही कळण्यासारखा नव्हता, आणि माल त्याच्याकडे असताना नीट साठवलेला व जसाच्या तसा राहिला, हे त्याने सिद्ध केले तर त्याला दोषी धरले जात नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्येही असाच बचाव आहे. एकाच दुकानात, एकाच फळीवर ठेवलेल्या कीटकनाशकाच्या बाटलीला जो न्याय आहे तो बियाण्याच्या पिशवीलाही मिळावा, तो निःसंदिग्ध शब्दांत विधेयकात असावा, आणि खरेदीचे बिल व लॉटची नोंद दाखवणाऱ्या विक्रेत्याला आरोपी न करता साक्षीदार करावे, ही माझी मुख्य विनंती आहे. साठवणुकीत हलगर्जी केली, मुदत संपलेला माल विकला, बिल दिले नाही किंवा सील फोडले, तर विक्रेत्याला पूर्ण शिक्षा व्हावी. त्याबद्दल माझी तक्रार असणार नाही.

खऱ्या बोगस बियाण्याला दुकान नसते, हेही नोंदवतो. देशात मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील (तणनाशक फवारले तरी न मरणाऱ्या) कापसाचे बियाणे गावोगाव बिलाविना, रात्री, ओळखीच्या माणसामार्फत विकले जाते. केंद्राने बीटी कापसाच्या पाकिटाला २०२५-२६ साठी ९०१ रुपये दर ठरवून दिला. तो पाळणारा परवानाधारक तपासणीला रोज सापडतो, पाकिटे थैलीत घेऊन फिरणारा सापडत नाही. तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद त्याच्यासाठी आणि बनावट पिशव्या भरणाऱ्यासाठी वापरली जावी.

दुसरी विनंती नमुन्याच्या वेळेबाबत आहे. सोयाबीनची उगवण चाचणी ८ दिवसांत पूर्ण होते, पण दुकानातून घेतलेल्या नमुन्याचा अहवाल हाती येईपर्यंत पेरणी उरकलेली असते आणि तो अहवाल फक्त खटल्याच्या कामाचा राहतो. उत्पादकाच्या गोदामातच एप्रिल-मे महिन्यांत प्रत्येक लॉटचा नमुना घेऊन, निकाल क्यूआर कोडवर दिसू लागल्याशिवाय तो लॉट विक्रीला सोडू नये, अशी तरतूद केली तर शेतकऱ्याचा हंगाम वाचेल. त्यासाठी प्रयोगशाळांची क्षमता वाढवावी लागेल, आणि तो खर्च सरकारने आधी करावा. कोडमागची माहिती खरी असण्याची जबाबदारी ती भरणाऱ्या कंपनीची राहावी.

नुकसानभरपाईचाही विचार व्हावा. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले, परंतु ग्राहक आयोगात जाणे, वकील देणे आणि तारखा करणे चार एकरवाल्याला झेपत नाही. दंड सरकारजमा होतो. दुबार पेरणी करणाऱ्याच्या हाती त्यातले काही येत नाही. तालुका पातळीवरील समितीने ठरावीक दिवसांत पाहणी करावी आणि दोष बियाण्याचा निघाल्यास उत्पादकाने त्याच हंगामात भरपाई द्यावी, असे कलम विधेयकात असावे. तसे झाले तर माझ्या दारात येणाऱ्या माणसाला मी कोठे पाठवायचे, हे मला सांगता येईल.

जालन्यासारख्या गावात १९६४ पासून बियाणे उद्योग उभा राहिला, बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीचे वाण दिले, परभणीच्या कृषी विद्यापीठाने सोयाबीनचे दिले. या भागातील छोट्या बियाणे कंपन्यांना व शेतकरी उत्पादक कंपन्यांना वाणाच्या नोंदणीसाठी अनेक ठिकाणी घ्याव्या लागणाऱ्या चाचण्यांचा खर्च कितपत पेलेल, हे त्यांच्याकडूनच ऐकून घ्यावे.

विधेयकाला अंतिम रूप देण्यापूर्वी परभणीच्या याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात एक दिवस सुनावणी ठेवावी आणि तिला शेतकरी, बीजोत्पादक व विक्रेते यांना एकत्र बोलवावे. आमची खरेदी-विक्रीची रजिस्टरे आणि २०२० च्या पंचनाम्यांच्या प्रती घेऊन आम्ही हजर राहू.

आपला विश्वासू,
परभणी जिल्ह्यातील एक कृषी सेवा केंद्र चालक व शेतकरी