योर्दानमधला नारिंगी शनिवार

मन्या,

"राजाच्या वाढदिवसाला अख्ख्या देशाला सुट्टी, आणि म्हणे पुढारलेले लोक" असा नेदरलँड्सवर टोमणा मारून तू मोकळा झालास, आता त्याचं हे लांबलचक उत्तर वाच. अरे राजा त्या दिवशी इथे नसतोच. तो दरवर्षी वेगळ्या गावाला जातो, ह्यावेळी, म्हणजे २०२५ ला, दूतिन्खेमला गेलेला, आणि ॲमस्टरडॅममध्ये दिवसभरात त्याचं नाव काढलेलं मी तरी ऐकलं नाही. लोक घराबाहेर पडतात ते माळ्यावरचं सामान विकायला नाहीतर दुसऱ्याच्या माळ्यावरचं विकत घ्यायला, बस्स.

तारखेचं आधी सांगतो, तू विचारणारच. राजा विलेम-अलेक्झांडरचा जन्म २७ एप्रिल १९६७ चा, पण २७ ला रविवार आला की सण आदल्या दिवशी, म्हणून ह्या वर्षी २६ ला शनिवारी झाला. त्याच्या आधी त्याची आई बेआट्रिक्स राणी होती, तिचा वाढदिवस ३१ जानेवारीला, आता त्या थंडीत फुटपाथवर कोण बसणार, म्हणून तिने स्वतःच्या आईची ३० एप्रिल हीच तारीख चालू ठेवली होती. मग २०१४ ला तारीख बदलली तेव्हा काही टुरिस्ट जुन्या सवयीने ३० ला नारिंगी टोप्या घालून हजर झाले आणि इथे सगळे आपले ऑफिसला चाललेले. ऑफिसात हा किस्सा दर एप्रिलला नव्याने सांगतात.

आम्ही घरून चालतच निघालो. मधल्या शहरात त्या दिवशी ट्राम येत नाही, आणि सायकल नेली तर आपण सायकलवर नाही, सायकल आपल्या डोक्यावर. कालवा ओलांडला की योर्दान. ही १७व्या शतकातली मजुरांची वस्ती, अरुंद गल्ल्या आणि तेव्हा घाण वास मारणारे कालवे. आता तिथल्या एका खोलीचं भाडं ऐकलंस तर तुला घेरी येईल. तिथला वेस्टरस्ट्रात हा रस्ता एवढा रुंद कसा असं वाटतं ना, तर तो पूर्वी कालवाच होता, १८६१ ला बुजवला. म्हणजे बाजार भरायला जागा आयती.

आदल्या दिवशीच फुटपाथवर खडूने आणि चिकटपट्टीने चौकोन आखून ठेवतात आणि आत लिहितात 'बेझेट', म्हणजे ही जागा धरलीये. एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं, फक्त इथे रुमालाचा मान ठेवतात! निदान सकाळपर्यंत तरी.

हा जो बाजार असतो ना, फ्रायमार्क्ट, त्याला त्या दिवसापुरतं लायसन्स लागत नाही, कोणीही चादर पसरून बसावं आणि जुनं सामान विकावं. एरवी शेजारी दाराशी भेटला तर हवामानावर दोन वाक्यं बोलून आत जाणारी ही माणसं, त्या दिवशी स्वतःच्या लग्नात आलेला डिनर सेट विकताना तो कुणी दिला, का आवडला नाही, नवरा आता कुठे असतो, सगळं सांगतात, आपण न विचारता. आणि घासाघीस! सुपरमार्केटात एक सेंट कमी होत नाही त्या देशात मी एक टेबललॅम्प १२ वरून ५ युरोवर आणला. तुला जुन्या बाजारात बघून शिकलोय, वाया नाही गेलं.

पण खरी मजा पोरांची. त्यांची चादर वेगळी, त्यावर लेगोचे सुटे तुकडे, एक हात नसलेल्या बाहुल्या, डोनाल्ड डकच्या मासिकांचे गठ्ठे (ते साप्ताहिक इथे १९५२ पासून निघतंय, घराघरात सापडतं). एक सात-आठ वर्षांची मुलगी व्हायोलिन वाजवत होती, एकच धून, तीही अर्धी, समोर टोपी. पुढे एका पोराने सख्ख्या बापाला फळीतल्या भोकातून तोंड काढून उभं केलेलं, ५० सेंटला एक ओला स्पंज मारायचा. बाप थंडीने कुडकुडतोय आणि पोरगा सुट्टे पैसे मोजतोय. सुट्टे नसले तरी सुटका नाही, कार्डबोर्डवर क्यूआर कोड चिकटवलेला असतोच. आमच्या हिने तीन वेळा मारला, मला म्हणे ऑफिसमधल्या कुणाचा तरी चेहरा डोळ्यासमोर आणला.

खाण्यात टोम्पूस. वरखाली कडक पापुद्रा, मधे जाड क्रीम, वरचा थर एरवी गुलाबी असतो तो ह्या दिवसात नारिंगी. चावला की सगळं क्रीम मागून बाहेर, शर्टावर. हा पदार्थ उभ्याने खायला कुणी काढला देव जाणे.

नारिंगी कशाला तर राजघराणं ओरान्येचं, म्हणजे ऑरेंजचं, म्हणून. आमच्या ग्रुपमधला एक नाशिककर शिवजयंतीसाठी आणलेला भगवा फेटा बांधून आला, आणि मग काय, दर दहा पावलांवर सेल्फी! एका टाइट झालेल्या गोऱ्याने त्याला वाकून मुजरा केला.

लिंडनग्राख्त ह्या रस्त्यावर एक आजी नारिंगी पिसांचा हार घालून काचेचे ग्लास विकत बसलेल्या. गप्पांमध्ये कळलं की १९८० ला बेआट्रिक्स गादीवर आली त्या दिवशी शहरात मोठी दंगल झाली, लोकांना घरं मिळत नव्हती म्हणून 'घर नाही तर राज्याभिषेक नाही' असं ओरडत पोरं रस्त्यावर उतरली होती, आणि ह्या आजी त्यांच्यात. मी म्हटलं मग आज हा हार कसा काय? तर म्हणाल्या, राजा वगैरे ठीक आहे, ग्लास घेणार का. घेतले. घरांची बोंब अजून तशीच आहे, ते वेगळं.

दुपारी दोननंतर मात्र मला विचारशील तर घरी यावं. प्रिन्सनग्राख्त कालव्यावर बोटींना बोटी खेटलेल्या, प्रत्येकीवर वेगळा डीजे, पुलावर पाय ठेवायला जागा नाही, बिअर अंगावर सांडतेच, आणि टॉयलेटसाठी लोक आपल्या घराच्या दारावर एक युरोची पाटी लावून बसतात, तिथेही रांग. पंचविशीत असतो तर नाचलो असतो. आता कोपऱ्यावरच्या कॅफेत अकॉर्डियनवर म्हातारे गळे काढून प्रेमभंगाची गाणी म्हणत होते तिथे थोडा वेळ थांबलो, तेवढं पुरलं.

आता कामाचं. परत येताना एका आजोबांकडे फिलिप्सचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दिसला, बॅकेलाइटचा, डायलवर हिल्वरसम (इथलं रेडिओ स्टेशनचं गाव) छापलेलं, एक बटण गायब. १५ म्हणाले, मी ८ म्हटलं, १० वर तुटलं. तुझ्यासाठीच घेतलाय. लावून बघायची माझी हिंमत नाही, आतला कपॅसिटर फुटतो वगैरे तूच सांगत असतोस. फोटो पाठवतोय, मागचं झाकण कसं काढायचं ते सांग, आणि हा विमानात नेऊ देतील का तेही बघ जरा, वजन चांगलंच आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
पप्या