कॅप दरावर असते, बिलावर नाही

लेस्टर, डिसेंबर 2025

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, जानेवारी ते मार्च 2026 साठी वीज-गॅसवर 1,758 पौंडांची कॅप (कमाल मर्यादा) म्हणजे वर्षाचं बिल त्याच्या वर जाणारच नाही, असं तुम्ही धरून चाललात. तसं नाही. ऑफजेम, म्हणजे इथलं वीज-गॅसचं नियामक मंडळ, मर्यादा घालतं ती युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर (वापर असो-नसो, रोज लागणारा ठरावीक आकार). 1,758 हा आकडा वर्षाला 11,500 युनिट गॅस आणि 2,700 युनिट वीज वापरणाऱ्या घराचा. जास्त जाळलं की जास्त भरायचं. आणि फिक्स्ड टॅरिफ (ठरावीक मुदतीसाठी बांधून घेतलेला दर) घेतलं, तर ही कॅप लागूच होत नाही.

1 जानेवारीपासून वर्षाला तीनच पौंड वाढणार, असं बातम्यांत सांगतात. आतलं चित्र वेगळं आहे. गॅस युनिटला 6.29 पेन्सवरून 5.93 वर उतरतोय, वीज 26.35 वरून 27.69 वर चढतेय (हे देशाच्या सरासरीचे दर, आपल्याकडे थोडं इकडेतिकडे). म्हणून आई, तो प्लगचा हीटर आता माळ्यावर टाक. दोन किलोवॉटचा हीटर तासाला 55 पेन्स खातो. तेवढीच ऊब बॉयलर 13-14 पेन्सांत देतो. ज्या खोल्यांत बसत नाही तिथल्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह 2 वर आणा. थर्मोस्टॅट आहे त्या हॉलमधला मात्र पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर थर्मोस्टॅटला घर गारच वाटत राहतं आणि बॉयलर थांबायचं नाव घेत नाही. थर्मोस्टॅट 20 वर असू दे. पैसे वाचवायला 18 च्या खाली नेऊ नका, तुमच्या वयाला ते झेपणार नाही.

बॉयलरवर पाण्याच्या तापमानाच्या दोन खुणा आहेत, नळाची आणि रेडिएटरची. रेडिएटरची 60 अंशांवर आणा. परत येणारं पाणी 55 च्या खाली असलं, तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता वाया जात नाही. खोल्या तापायला थोडा जास्त वेळ लागेल, ते ठीक आहे. तुमचा बॉयलर कॉम्बी, म्हणजे टाकीशिवाय नळाचं पाणी लागेल तसं तापवणारा, म्हणून हे चालतं. शेजाऱ्यांकडे गरम पाण्याची टाकी आहे, त्यांना हे सांगू नका; टाकीतलं पाणी 60 च्या खाली गेलं तर लिजिओनेलाचे जंतू वाढायची भीती असते.

31 तारखेला रात्री दोन्ही मीटरचे फोटो काढा आणि आकडे कंपनीला कळवा. नाही कळवले तर कंपनी जुन्या आणि नव्या दरांत वापराची अंदाजाने वाटणी करते, आणि जानेवारीतला स्वस्त गॅस डिसेंबरच्या दराने लागू शकतो. गॅसच्या मीटरवरचे काळे आकडेच घ्यायचे, लाल सोडायचे. तुमचा मीटर घनमीटरचा आहे; एका घनमीटरचे साधारण 11 युनिट होतात. बिलात त्याऐवजी 31 च्या आसपास दिसले, तर त्यांनी मीटर जुना, शंभर-शंभर घनफुटांनी मोजणारा धरलाय, म्हणजे बिल जवळजवळ तिप्पट. तसं दिसलं तर पैसे भरण्याआधी मला फोन करा.

तुमची,
मनू