जुन्या कपड्यांपेक्षा हजेरीपत्रक मोलाचे

संपादक महाशय,

अटलांटिक महासागरातला हरिकेनचा (चक्रीवादळांचा) हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. ह्यूस्टन, टॅम्पा, ऑरलँडो या पट्ट्यात अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यामुळे तिकडे वादळ धडकले की ‘काय पाठवू?’ अशी विचारणा सुरू होते आणि बघता बघता जुने कपडे, पांघरुणे, पाण्याच्या बाटल्या यांचा ढीग जमतो. त्यामागचा कळवळा खरा असतो, पण ढिगाचा उपयोग कमी आणि त्रासच जास्त होतो. या किनाऱ्यावरच्या ल्यूथरन चर्चच्या (हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मंडळ्यांनी, म्हणजे स्थानिक सभासदांच्या गटांनी, मदतकार्याला जी शिस्त लावली आहे, ती तिथल्या मराठी मंडळांनी उचलावी असे आम्हाला मनापासून वाटते.

ल्यूथरनांचे मोठे पंथ दोन. इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिकाचे काम ‘ल्यूथरन डिझास्टर रिस्पॉन्स’ या नावाने चालते. दुसऱ्या पंथाचा, मिसुरी सिनडचा, आपत्ती विभाग वेगळा असून स्थानिक मंडळ्यांतल्या सभासदांना प्रशिक्षण देऊन तो ‘ल्यूथरन अर्ली रिस्पॉन्स टीम’ तयार करतो. धर्मशास्त्रात दोघांचे पटत नाही, पण पुराच्या वेळी दोघेही इतर पंथांच्या आणि बिगरधार्मिक संस्थांच्या बरोबरीने एकाच समन्वय बैठकीला बसतात. १९६९च्या कॅमिल वादळात कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. त्यातूनच १९७०मध्ये स्वयंसेवी संस्थांचा राष्ट्रीय समन्वय मंच उभा राहिला. त्याची शिस्त साधी आहे : बोलावल्याशिवाय कोणी जायचे नाही. न कळवता आलेल्या वीस जणांना झोपायला जागा, खायला अन्न आणि गाडीला पेट्रोल लागते, आणि त्या आठवड्यात या तिन्ही गोष्टी पूरग्रस्तांनाच पुरत नसतात.

कपड्यांचेही तेच. ते निवडायला माणसे लागतात, ठेवायला कोरडी जागा लागते, आणि निम्मा गाव ओला असताना दोन्हींची टंचाई असते. भिजलेला ढीग शेवटी कचऱ्यातच जातो. नेब्रास्कातल्या नॉरफोकची ‘ऑर्फन ग्रेन ट्रेन’ ही ल्यूथरन संस्था कपडे घेते, पण ते आपद्ग्रस्त भागापासून दूर, स्वतःच्या गोदामात निवडून, बांधून मगच पाठवते. वस्तूच द्यायची असेल तर सफाईची बादली द्यावी. घट्ट झाकणाची ५ गॅलनची (सुमारे १९ लिटर) बादली, तिच्यात घासण्या, स्पंज, ब्रश, पुसायची फडकी, द्रव साबण, १०० फूट दोरी, पन्नासेक चिमटे, मुखपट्ट्या, रबरी आणि जाड असे दोन्ही हातमोजे, दोन डझन मोठ्या कचरापिशव्या. सगळे नवे, न उघडलेले हवे. साबणाची बाटली आडवी ठेवली तर प्रवासात सांडते आणि फडकी-मुखपट्ट्या वाया जातात. हे काही जमत नसेल तर सरळ पैसे द्यावेत. ते त्याच गावातल्या दुकानात खर्च होतात, हा आणखी एक फायदा.

पुराने भिजलेल्या घराच्या सफाईत चूक झाली तर तिचे परिणाम घरमालक वर्षानुवर्षे भोगतो, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. घरमालकाची लेखी परवानगी आणि विम्यासाठी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट फोटो हाती येईपर्यंत एकही वस्तू हलवू नये. वीज आणि गॅस बंद असल्याची खात्री करावी. एन-९५ मुखपट्टी, गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांत घेतलेली असावी. आधी सामान, मग गालिचा पट्टे कापून, मग भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी काढावी. त्यानंतर जिप्समच्या पाट्यांची भिंत कापायची. पाणी त्या पाटीत वर चढत जाते, त्यामुळे रेघेवरच कापले तर ओला भाग मागे राहतो. रेघ दोन फुटांच्या आत असेल तर चार फुटांवर कापावे, कारण नवी पाटी चार फूट रुंदीची येते आणि आडवी लावली की नेमकी बसते. करवतीचे पाते अर्धा इंचच बाहेर ठेवावे, नाहीतर आतली वायर किंवा नळी कापली जाते. आतला इन्सुलेशनचा कापूस पूर्ण काढावा. भिंतीतल्या लाकडी खांबांत राहिलेले खिळे आणि स्क्रू उपटणे कंटाळवाणे असल्याने ते हमखास राहते आणि पुढे नवी पाटी सपाट बसत नाही. १९७८पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो. तिथे अनुभवी माणसाला विचारल्याशिवाय घासू-कापू नये.

घाईची खरी चूक पुढे होते. खांब हाताला कोरडे लागले म्हणजे आतून वाळले असे नाही. ओलावा मोजायच्या यंत्रावर १५ टक्क्यांच्या खाली आकडा येईपर्यंत पंखे आणि हवेतला ओलावा शोषणारे यंत्र चालू ठेवावे. त्याला काही आठवडेही लागतात. सणापूर्वी घर द्यायचे म्हणून आधीच भिंत बंद केली की बुरशी आत वाढते आणि तीच भिंत पुन्हा फोडावी लागते. टणक पृष्ठभागांवरच्या बुरशीसाठी एक गॅलन पाण्यात जास्तीत जास्त एक कप ब्लीच पुरे. त्यात अमोनिया असलेले कोणतेही द्रावण मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. काढलेला राडारोडा रस्त्याकडेला वेगवेगळा रचावा : फांद्या, बांधकामाचा माल, फ्रिज-वॉशिंग मशीन, रंग-रसायने. एकत्र ढीग केला तर पालिकेची गाडी तो तसाच सोडून जाते.

आता स्वयंसेवकांच्या हजेरीपत्रकाविषयी. राष्ट्रपतींनी आपत्ती जाहीर केली की सार्वजनिक कामांच्या पात्र खर्चाचा किमान ७५ टक्के वाटा फेमा ही आपत्ती व्यवस्थापनाची केंद्रीय यंत्रणा उचलते. उरलेल्या वाट्यात स्वयंसेवकांच्या श्रमाचे मोल धरता येते. निवारा चालवणे, अन्नवाटप, सार्वजनिक रस्ता मोकळा करणे अशा कामांवर ३० जण ८ तास राबले तर दिवसाला २४० तास होतात. तासाला २० डॉलरचा दर धरला तरी गावाचे ४,८०० डॉलर वाचले. मात्र नाव, तारीख, ठिकाण, काम, येण्या-जाण्याची वेळ आणि सही नसेल तर हातात काहीच येत नाही. कोणते काम पात्र ते प्रशासन ठरवेल, आपण प्रत्येक कामाची नोंद ठेवावी. आठवड्याभराचे तास शेवटी आठवून लिहिलेला कागद तपासणीत टिकत नाही.

चर्चच्या इमारतींनाही आता ही मदत मागता येते. त्याची पार्श्वभूमी ल्यूथरनच आहे. मिसुरीतल्या कोलंबियाच्या ट्रिनिटी ल्यूथरन चर्चला मुलांच्या मैदानासाठीचे अनुदान केवळ चर्च म्हणून नाकारले गेले होते. जून २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला. ऑगस्टमध्ये हार्वे हे हरिकेन आले आणि टेक्सासातली काही चर्चेस न्यायालयात गेली. जानेवारी २०१८मध्ये फेमाने धोरण बदलले. अर्जाची मुदत मात्र आपली काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) आपद्ग्रस्त यादीत आल्यापासून ३० दिवस आहे. तोवर विम्याचे कागद सापडले नाहीत तर हक्क असून उपयोग नाही.

विम्यातही लोक फसतात. इमारतीच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर नसतो. राष्ट्रीय पूरविमा घेतल्यावर साधारण ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाला नाव पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. वाऱ्याच्या नुकसानीत स्वतःचा वाटा बहुधा टक्क्यांत असतो : २० लाख डॉलरच्या इमारतीवर ५ टक्के म्हणजे पहिले एक लाख मंडळीचे. हार्वेत टेक्सासातल्या नेडरलँड गावाला काही दिवसांत सुमारे १,५३९ मिलिमीटर पाऊस पडला. ज्या घरांत पूर्वी कधी पाणी शिरले नव्हते तीही बुडाली, आणि त्यांतल्या अनेकांकडे पूरविमा नव्हता.

चांगल्या मंडळीत मे महिन्यातच यादी तयार असते : एकटे कोण राहते, ऑक्सिजनचे यंत्र कोणाकडे आहे, गाडी कोणाकडे नाही, आणि प्रत्येकाला फोन कोणी करायचा. ८ जुलै २०२४चे बेरिल हे हरिकेन पहिल्याच, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीचे होते, तरी ह्यूस्टन परिसरात २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज ऐन उकाड्यात गेली. वादळ संपल्यावरही माणसे उष्म्याने आणि गॅरेजमधल्या जनरेटरच्या धुराने दगावतात. जनरेटर घराबाहेर, खिडकी-दारापासून किमान २० फुटांवर ठेवावा. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या स्कॅन करून प्रत दुसऱ्या राज्यात ठेवावी. मूळ वही भिजलीच तर ४८ तासांत फ्रीजरमध्ये टाकावी, वाळवण्याचे काम मग सवडीने करता येते.

मराठी मंडळांकडे सहसा इमारत नसते, पण डॉक्टर, हिशेबनीस, अभियंते आणि मराठी-हिंदी बोलणारे कार्यकर्ते असतात. घरोघरच्या गरजांची नोंद ठेवणाऱ्या, दोन-तीन वर्षे चालणाऱ्या पुनर्वसन गटांना अशीच माणसे कमी पडतात. हंगामापूर्वी जवळच्या ल्यूथरन चर्चला फोन करून आपली यादी देऊन ठेवावी. आपल्या दैनिकाला विनंती, की यापुढे हरिकेनसाठी मदतीचे आवाहन छापताना त्यात कपडे नकोत हे ठळक छापावे, आणि पहिल्या आठवड्याइतकीच जागा सहा महिन्यांनंतरच्या आवाहनालाही द्यावी. घरे बांधायला पैसा तेव्हा लागतो आणि तेव्हाच तो आटलेला असतो.

– काही मराठी वाचक, ह्यूस्टन परिसर (टेक्सास)