वरच्या तळ्याच्या बांधाविषयी

चि. सुलक्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मार्च सरता सरता तळे तळाला जाते आणि पोफळींचे शिंपण दिवसाआड करावे लागते, म्हणून सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेच्या, उंबरठ्यावर दोन फूट उंचीच्या फळ्या बसवून तेवढे पाणी जास्त साठवावे, ही तुझी सूचना मी नीट वाचली. इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटणीत, कुळागर (पोफळींची बाग) आणि त्याच्या वरचे तळे तुझ्या वाट्याला आले आहे, तेव्हा निर्णय तुझाच आहे. माझे मत मात्र स्पष्टपणे विरोधात आहे, आणि त्यामागचे गणित तुला तपासून पाहता यावे म्हणून ते सविस्तर लिहितो.

आपला सांडवा चार मीटर रुंद आहे आणि त्याचा उंबरठा बांधाच्या माथ्यापासून दीड मीटर खाली आहे. ही दीड मीटरची उंची एरवी रिकामी दिसते, म्हणून ती वाया गेल्यासारखी वाटते. पण पुराचे पाणी वाहून जायला तीच जागा लागते. तळ्याकडे उतरणारे डोंगराचे पाणलोट क्षेत्र सुमारे ४० हेक्टर आहे. आषाढात जमीन पाणी प्यायची थांबलेली असते, तळे भरलेले असते, आणि अशा वेळी तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस लागला तर तासाभरात २०,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच घनमीटर पाणी तळ्यात येते; तेवढेच सांडव्यावरून गेले पाहिजे. रुंद उंबरठ्यावरून एक मीटर उंचीचे पाणी वाहत असेल तर दर मीटर रुंदीमागे सेकंदाला सुमारे १.७ घनमीटर पाणी जाते. या हिशेबाने आपल्या उंबरठ्यावर सुमारे ८७ सेंटिमीटर पाणी चढेल आणि त्याच्या वर ६३ सेंटिमीटर बांध कोरडा राहील. तुझ्या फळ्या बसवल्या तर उंबरठा ६० सेंटिमीटरने वर येईल आणि कोरडे उरतील फक्त तीन सेंटिमीटर. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा आणि फळ्यांना अडकणाऱ्या फांद्या व पालापाचोळा यांचा विचार केला, तर ते तीन सेंटिमीटर नसल्यातच जमा आहेत. पावसाचा वेग ८० मिलिमीटर झाला तर उंबरठ्यावर १.२० मीटर पाणी लागते; आज बांध ते निभावून नेतो, फळ्या असतील तर पाणी माथ्यावरून जाईल. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील वाळपईच्या पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून कितीतरी अधिक पाऊस पडतो आणि २०२१ च्या जुलैत सत्तरीत आलेला पूर तुझ्या स्मरणात असेलच, म्हणून हे आकडे मी घाबरवण्यासाठी फुगवलेले नाहीत.

दगडी बांधावरून पाणी गेले तर तो बहुधा टिकतो. मातीच्या बांधाचे तसे नाही. माथ्यावरून उतरणारे पाणी बाहेरच्या उताराची माती खरवडते, तेथे घळ पडते, ती घळ मागे सरकत सरकत माथ्यापर्यंत पोहोचते, आणि त्यानंतर बांध वाचवणे माणसाच्या हाती राहत नाही. सांगे तालुक्यातील साळावली धरणाचा गोल सांडवा पाहायला लोक दुरून येतात, पण त्या धरणाचा बराचसा भाग मातीचा आहे आणि पाण्याने मातीला ओलांडू नये एवढ्याचसाठी तो भक्कम सांडवा बांधलेला आहे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

फळ्या दिवाळीनंतर बसवू आणि मिरगाआधी काढू, असे तू म्हणशील. विचार गैर नाही, पण दोन अडचणी आहेत. तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, म्हणजे मिरगाची वाट न पाहता. फळ्या काढायला त्या दिवशी तेथे कोण असणार? दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. बांधाचा वरचा थर पाण्याखाली क्वचितच राहिला आहे. त्यात उन्हाने पडलेल्या भेगा आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या असू शकतात. पाणी पूर्वी कधी राहिले नव्हते त्या पातळीला पहिल्यांदाच नेऊन ठेवणे हा मातीच्या बांधासाठी नेहमीच धोक्याचा काळ असतो. त्यापेक्षा तळ्यातला गाळ काढ. तेवढेच पाणी वाढेल आणि तो गाळ पोफळींच्या मुळाशी घालता येईल. मात्र बांधाच्या आतल्या पायथ्याजवळ खणू देऊ नकोस. तेथे बसलेली चिकण माती झिरप रोखते आणि उताराला टेकही देते. जेसीबीचालकाला हद्द चुना टाकून दाखवावी लागते, तोंडी सांगून भागत नाही.

आता झिरपाविषयी लिहितो, कारण माथ्यावरून जाणारे पाणी निदान दिसते, पोटातून जाणारे दिसत नाही. मातीच्या प्रत्येक बांधातून थोडे पाणी झिरपतेच, आणि आपल्याकडे खाली जांभा असल्यामुळे त्याच्या पोकळ्यांतूनही ते वाट काढते. झिरप किती आहे यापेक्षा ती बदलते आहे का आणि पाणी कोणत्या रंगाचे आहे, हे महत्त्वाचे. बाहेरच्या पायथ्याशी जो पाझर आहे त्याखाली बालदी ठेवून ती भरायला किती वेळ लागतो ते पावसाळ्यात दर आठवड्याला वहीत लिहीत जा, आणि त्याच ओळीत तळ्यातील पाण्याची पातळीही लिही. पातळी तीच असून बालदी लवकर भरू लागली तर काहीतरी बिघडले आहे. पाणी स्वच्छ असेल तोवर धीर धरता येतो. ते गढूळ झाले, तर बांधाची माती आतून वाहून जात आहे असे समजावे. अशा वेळी बाहेरून सिमेंट किंवा चिकण माती थापून भोक बुजवण्याचा मोह होतो. तसे केल्याने पाणी आत कोंडते आणि दुसरीकडून फुटते. पाझरावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असे थर घालावेत, म्हणजे पाणी बाहेर येईल पण माती आत अडेल. त्याच वेळी मोरीची, म्हणजे बांधाखालून पाणी सोडणाऱ्या नळाची, झडप उघडून तळे उतरवायला घ्यावे. एरवी पाणी सावकाश उतरवायचे असते, कारण ते झपाट्याने उतरले की आतला ओला उतार घसरतो. गढूळ पाणी वाढतच असेल तर मात्र तो धोका पत्करावा, खालच्या वाड्यावर माणूस धाडून घरे रिकामी करवावीत आणि ११२ ला फोन करावा.

मोरीभोवतीची जागा सर्वांत नाजूक असते, कारण नळाला लागून माती नीट धुमसली, म्हणजे ठोकून घट्ट केली, जात नाही. पुण्याजवळचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. काम अपुरे असताना त्यात पाणी अडवले होते, आणि त्याच्या दुर्बळ जागांत पाणी सोडण्याची मोरी होती. आपल्या मोरीचा नळ लोखंडी आहे व आतून गंजत चालला आहे. यंदा तळे उतरले की तो तपासून घे. यावर खर्च करायला कचरू नकोस.

बांधावर आखूड गवताखेरीज काहीही वाढू देऊ नये. गड्याने हौसेने लावलेल्या केळी काढायला सांग, आणि काजूची रोपे बोटाएवढी असतानाच उपट. मोठे झाड नुसते तोडले तर मुळे कुजून नळ्या तयार होतात, म्हणून सांडव्याजवळचा तो जुना आंबा आत्ता तोडू नकोस. पाणी खाली असताना मुळांसकट काढून, खड्ड्यात थराथराने माती धुमसावी लागेल. म्हशींची वाट माथ्यावरून जाऊ देऊ नकोस. खेकड्यांची आणि घुशींची बिळे गवत कापल्याशिवाय दिसत नाहीत. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि माणसे वाहून गेली, तेव्हा तत्कालीन मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला होता. गावकऱ्यांनी मात्र गळतीची तक्रार आधीच केलेली होती. खेकडे बिळे करतात हे खरे, पण ती पाहायला बांधावर जायचे काम खेकड्यांचे नव्हे.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरांहून उंच धरणांना आणि काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटरांच्या धरणांना लागू होतो. आपला बांध सहा मीटरांचाही नाही, म्हणून त्याची तपासणी करायला कोणी येणार नाही. जबाबदारी मात्र त्यामुळे कमी होत नाही. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाच्या खाजगी तळ्याचे पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले होते. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या त्या खटल्यात १८६८ साली असे ठरले की निसटल्यास अपाय करणारी वस्तू जो आपल्या जमिनीत आणून साठवतो, तो स्वतः निष्काळजी नसला तरी नुकसानीला जबाबदार असतो. आपल्या न्यायालयांनाही हे तत्त्व परिचित आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी साकवापाशी जी घरे आहेत त्यांना या तळ्याच्या पाण्याचा एक थेंबही मिळत नाही, धोका मात्र सगळा त्यांच्या दारात आहे. तुझ्या पोफळींसाठी दोन फूट पाणी वाढवायचे तर त्यांनाही विचारावे लागेल.

एक गोष्ट मात्र तपासायची राहिली आहे. वर केलेला सारा हिशेब माथा सरळ आहे असे धरून केला आहे. मातीचा बांध वर्षानुवर्षे बसत जातो, आणि बहुधा मधोमध, कारण उंची तेथेच जास्त असते. तेथे तो वीतभर खचला असेल तर दीड मीटर हा आकडा खोटा ठरतो आणि पाणी सर्वप्रथम तेथूनच ओलांडेल. मिरगापूर्वी एखाद्या सर्व्हेअरला लेव्हल घेऊन बोलाव, सांडव्याच्या उंबरठ्यापासून सुरुवात करून माथ्यावर दर पाच मीटरांवर पातळी घ्यायला सांग, आणि तो कागद मला पाठव.

तुझे,
बाबा