वीतभर फळीवरचं गाव

पॅरिस,
रविवार रात्र

ती. बाबांस सा. नमस्कार.

आईला सांगा, डिंकाचे लाडू पोचले. निम्मे संपलेसुद्धा.

आज ऑर्से संग्रहालयात गेलो होतो. मुळात हे रेल्वे स्टेशन, १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं. तिथे एका चित्रापाशी अडकलो. पॉल सेरुझिए या प्रतीकवादी चित्रकाराचं 'तालिस्मान', म्हणजे ताईत. लाकडी फळीवर तेलरंग, २७ सेंमी उंच, साडेएकवीस रुंद. तुम्ही वाण्याला 'उधार बंद'ची पाटी करून दिली होती ना, जवळपास तेवढंच. आधी नुसती रंगांची ठिगळं दिसली. मग डावीकडे वर रान, आडवी वाट, नदीकाठची झाडं, मागे उजवीकडे पाणचक्की, खाली पाण्यात त्यांची सावली, असं एकेक उमगत गेलं.

गाव फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं, पाँत-आवेन. रानाचं नाव 'प्रेमाचं रान' (आई हसेल). १८८८चा ऑक्टोबर. सेरुझिए तेव्हा तेवीस वर्षांचा, आणि शेजारी उभा राहून सांगणारा चित्रकार गोगँ. झाडं पिवळी दिसतात? मग पिवळा लाव. सावली निळसर? शुद्ध निळा घे. पानं लाल? हिंगूळ लाव. बाबा, डब्यातला रंग तसाच फासणाऱ्याला तुम्ही आळशी म्हणता. इथे तर गुरूच तसं करायला लावतोय! गिऱ्हाइकाने भडक रंग मागितला की तुमच्या कपाळावर पडणारी आठी आठवली आणि हसू आलं. पण खरं सांगतो, भडक वाटत नाही. एक रंग दुसऱ्याला सांभाळून घेतो.

सिगारच्या पेटीच्या झाकणावर काढलं अशी दंतकथा होती; तपासलं तर चित्रकारांची साधी फळीच निघाली. पोराने ती पॅरिसला नेऊन मित्रांना दाखवली. त्या टोळक्याने पुढे स्वतःला 'नबी' म्हणवून घेतलं. हिब्रूतला शब्द, अर्थ प्रेषित. आपल्या गल्लीतल्या नबीचाचांना जरूर सांगा.

फळीच्या मागे लिहिलंय, गोगँच्या मार्गदर्शनाखाली सेरुझिएने केलं. तुम्ही पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव टाकता. दत्तूमामांकडे हात बसला असं म्हणता, पण त्यांचं नाव कुठल्या पाटीमागे आहे का हो?

सोबत पोस्टकार्ड आहे. छपाईत पिवळा मळलाय, मूळचा उजळ आहे. तेवढं धरून बघा आणि काय वाटलं ते कळवा.

आपला,
बंड्या